कॅमेऱ्याच्या घड्याळातला तळोजा

कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खातं सांभाळलेल्या माणसाच्या नशिबी निवृत्तीनंतर एक भोग असतो. बिल्डिंगमधली जी वस्तू विजेवर चालते आणि रुसून बसते, ती त्याच्या दारात येते. मिक्सर, इन्व्हर्टर, गिझरचा थर्मोस्टॅट, कुणाच्या नातवाची रिमोटवरची गाडी. ‘तुम्ही कंपनीत होतात ना?’ एवढा वशिला पुरतो. मी तळोजा एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात होतो. हयात गेली ती प्रेशर ट्रान्समीटर, थर्मोकपल आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या संगतीत. यांतली बहुतेक मंडळी चार ते वीस मिलिअँपिअरमध्ये बोलतात. टाकी रिकामी असेल तर तारेतून ४ मिलिअँपिअर येणार, काठोकाठ भरली की २०. नवीन लागलेला प्रत्येक पोरगा विचारतो, साहेब, रिकाम्या टाकीला सरळ शून्यच का नाही ठेवलं? त्याचं उत्तर मला आमच्या धंद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटत आली आहे. शून्य राखून ठेवलंय ते तार तुटली तर कळावं म्हणून. टाकीत काही नाही हा निरोप वेगळा, आणि निरोपच आला नाही ही गोष्ट वेगळी. काही नाही एवढं सांगायलासुद्धा थोडा करंट खर्चावा लागतो.

काकींच्या कॅमेऱ्यापायी हे पुन्हा आठवलं.

काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. बिल्डिंग साडेबारा टक्क्यांची. नवी मुंबईबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. नवी मुंबई वसवायला सिडकोनं ९५ गावांची जमीन घेतली, त्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. काकींच्या सासऱ्यांची भातशेती गेली आणि कालांतरानं हा तुकडा मिळाला. त्यावर बिल्डरबरोबर ही इमारत उभी राहिली. तळमजल्यावर काकी, वर आम्ही भाडेकरू. बहुतेक सगळे एमआयडीसीतले, कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी सोलापूरचा, मी साताऱ्याचा. काका गेले. एकुलता एक मुलगा जहाजावर फिटर आहे. सहा-सहा, आठ-आठ महिने पाण्यात.

कॅमेऱ्याचं निमित्त चोर नव्हता. काकी पेंधरला हळदीला गेल्या होत्या. आगऱ्यांची हळद ज्यानं ऐकली असेल त्याला कळेल, की तिथे पर्समधला फोन वाजणं म्हणजे काय. शिवाय फोन पर्समध्येही नव्हता, घरी चार्जिंगला लावलेला होता. मुलगा जहाजावरच्या इंटरनेटवरून फोन करत राहिला, उत्तर नाही. मग त्यानं बिल्डिंगमधल्या एकेका भाडेकरूला उठवलं. आम्ही दाराची कुलपं बघून त्याला सांगितलं, की आई बाहेर गेलीय, ठीक आहे. पण समुद्रावर बसलेल्या माणसाला ‘ठीक आहे’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान होत नाही. पुढं जहाज ह्यूस्टनला लागलं तेव्हा त्यानं कॅमेरा घेतला आणि सुट्टीवर येणाऱ्या एका सोबत्याच्या बॅगेतून पाठवून दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर मला निरोप: ‘काका, तेवढा लावून द्या ना. पाच मिनिटांचं काम आहे.’

खोक्यावरही पाच मिनिटंच लिहिलेली असतात. या पाच मिनिटांत कॅमेऱ्याचं आणि घराचं सगळं आधीच जुळलेलं असणं धरलेलं असतं. चीनमध्ये बनलेला, अमेरिकेत विकलेला कॅमेरा तळोज्यात लावायचा म्हणजे त्याच्या पोटात दोन देशांच्या सवयी भरलेल्या असतात आणि त्यांतली एकही तो उघडपणे सांगत नाही. पहिली सवय सोपी होती, ती डोळ्यांना दिसते: अ‍ॅडॉप्टरच्या चपट्या पिना. पनवेलला उरण नाक्यावर जोडपिन मिळाली. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं, त्यामुळे आपली वीज त्याला चालणार होती. हा आकडा न बघता अमेरिकेतली वस्तू थेट आपल्या सॉकेटात घालणाऱ्यांनी धूर काढलेला मी पाहिला आहे.

वीज मिळताच कॅमेरा इंग्रजीत बोलला. बाईचा आवाज, जरा नाकात. फोन जवळ आणा, म्हणाली. मग फोननं वायफायचं नाव आणि पासवर्ड आवाजाच्या रूपात त्याला ऐकवायचा, अशी योजना. फोनमधून पाखरांच्या चिवचिवाटासारखा काहीतरी आवाज आला, कॅमेऱ्यानं तो ऐकला, निळा दिवा लुकलुकला. आणि मग काहीच नाही. ना हो, ना नाही. अ‍ॅपवर एक गोल फिरत राहिला आणि शेवटी ‘उपकरण सापडलं नाही’. उपकरण फोनपासून वीतभर अंतरावर होतं.

इथं मला माझ्या जुन्या धंद्याची फार आठवण झाली. ट्रान्समीटर गप्प बसला तर मी मीटर लावून बघतो. ४ आहे का, शून्य आहे का, की मधलंच काही. त्यावरून दोष कुठल्या गावात राहतो ते निम्मं कळतं. या कॅमेऱ्याची गप्प बसण्याची एकच तऱ्हा होती. पासवर्ड चुकला तरी गप्प, वायफाय दिसत नसेल तरी गप्प, बाहेरचा सर्व्हर पोचत नसेल तरी गप्प. घरगुती वस्तू बनवणाऱ्यांना वाटतं, की गिऱ्हाइकाला कारण सांगितलं तर ते घाबरेल. खरं म्हणजे कारण न सांगितल्यानंच ते घाबरतं आणि मग माझ्यासारख्याच्या दारात येतं.

काकी समोर सुकट निवडत बसल्या होत्या. “दादा, ह्यो मेला नाय ना?”

“नाही काकी. जिवंत आहे. बोलत नाहीये फक्त.”

“मंग माज्या पोऱ्यासारखाच हाय.”

राउटरचं नाव मुलानं ‘आई एकविरा’ ठेवलं होतं, देवनागरीत. त्यात गैर काही नाही. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-वेलांटीसकट, तीन-तीन बाइट खातं, तरी ‘आई एकविरा’ २५ मध्ये बसतं. ‘आई एकविरा माउली’ केलं असतं तर ४१ झाले असते आणि माउली बाहेर राहिली असती. पण नाव बसलं म्हणजे समोरच्याला ते वाचता येतं असं नाही. स्वस्तातल्या पुष्कळ उपकरणांनी रोमन लिपीपलीकडे काही पाहिलेलं नसतं. शिवाय त्या एकाच नावाखाली राउटर दोन पट्टे चालवत होता, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोन पाचवर, आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ कळतं. हे दोन्ही संशय एका फटक्यात काढायचे म्हणून मी राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क उघडलं, केवळ २.४ चं, साध्या रोमन अक्षरांच्या नावाचं. पुन्हा चिवचिवाट. पुन्हा गप्प.

तेव्हा हवेतला रस्ता सोडून दिला. आमच्याकडे नियमच होता: सिग्नल कळत नसेल तर मधले दुवे काढ, तार थेट जोड. कॅमेऱ्याच्या पाठीला केबलचं भोक होतं. राउटरला जोडल्यावर दोन्हीकडचे दिवे लागले, म्हणजे तार धड होती. तरीही राउटरच्या यादीत कॅमेरा नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत आलेला माणूस घरातल्या कुणाला दिसत नाही, असा प्रकार. याचं उत्तर त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या नखाएवढ्या कागदावर होतं. भिंग घेऊन वाचलं: १९२.१६८.१.१२०.

म्हणजे हा आपला पत्ता कारखान्यातूनच ठरवून आला होता. बहुतेक उपकरणं राउटरकडे पत्ता मागतात आणि मिळेल तो घेतात. हा मागायला तयारच नव्हता. काकींच्या राउटरची वस्ती १९२.१६८.० मध्ये आणि हा १९२.१६८.१ मध्ये बसलेला. एका आकड्याचा फरक, पण तेवढ्यानं दोघं एकमेकांच्या खिजगणतीत नव्हते. हे १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. कुणीही आपल्या घरात वापरावेत, उंबऱ्याबाहेर त्यांना किंमत नाही. तळोजा फेज वनपासून ब्राझीलपर्यंत कोट्यवधी घरांत हाच आकडा नांदतो आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. भांडण होतं ते असं, आतल्या आत.

मग लॅपटॉपला हातानं पत्ता दिला, १९२.१६८.१.५०, म्हणजे तोही त्याच वस्तीतला झाला. केबल राउटरमधून काढून सरळ लॅपटॉपला लावली. ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आकडा टाकला. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. आणि चित्र आलं.

चित्रात काकी होत्या. मांडीवर सूप, सुपात सुकट, बोटं चाललेली. त्यांच्या मागच्या भिंतीवर २०२५ चं कालनिर्णय, दुधाच्या खाड्यांच्या फुल्या मारलेलं. आणि चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख: १ जानेवारी १९७०, सकाळचे आठ वाजून चार मिनिटं.

यंत्रांच्या जगात काळ १ जानेवारी १९७० ला सुरू होतो. युनिक्स नावाची संगणकप्रणाली बनवणाऱ्यांनी सोयीसाठी तो क्षण धरला आणि तिथपासून सेकंद मोजायला सुरुवात केली. आज हातातल्या फोनपासून बँकेपर्यंत बहुतेक सगळ्यांच्या पोटात तीच मोजणी चालू आहे. ज्या यंत्राला आजची वेळ कुणी सांगितलेली नसते ते शून्य सेकंदावर उभं राहतं. ते शून्य ग्रिनिचच्या मध्यरात्रीचं. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. काकींच्या कॅमेऱ्यात आठ दिसत होते, कारण त्याच्या हिशेबी तो चीनमध्ये होता. घेतला अमेरिकेत, लावला तळोज्यात, पण घड्याळ बीजिंगचं. पुन्हा चालू होऊन चार मिनिटं झाली होती म्हणून आठ वाजून चार. (ज्या यंत्रांत ही मोजणी ३२ बिटांची आहे त्यांची आकडे ठेवायची जागा १९ जानेवारी २०३८ ला भरणार आहे, आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटांनी. त्या दिवशी माझ्या दारात रांग लागेल, मी असलो तर.)

मी चित्र काकींना दाखवलं आणि तारीख सांगितली.

“सत्तर साली?” त्या म्हणाल्या. “तवा इथं लाईट तरी होती का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या तारखेला सिडकोच नव्हती. १७ मार्च १९७० ला ती स्थापन झाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या कालगणनेनं अजून अडीच महिने होते. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना मात्र छापून आली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून ती मांडली होती. ती वाचणाऱ्यांत तळोज्यातलं कुणी असेल असं वाटत नाही. इथं भात होता, खाडीची मासळी होती. फेज वन-फेज टू हे शब्द नव्हते, तुरुंग नव्हता, मेट्रो नव्हती. बेलापूर-पेंधर मेट्रो धावायला लागली ती १७ नोव्हेंबर २०२३ ला. आता महाराष्ट्रात तळोज्याचं नाव निघतं ते तुरुंगावरून. कुठं राहता विचारल्यावर तळोजा म्हटलं, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, आत की बाहेर? ‘कंपनीत’ म्हटलं की सुटका होते.

कॅमेऱ्याला हे काही कळायचं कारण नाही. त्याच्या दृष्टीनं समोर बसलेली बाई आणि १९७० हे दोन्ही सारखेच खरे होते, आणि दोन्ही तो तितक्याच खात्रीनं लिहून ठेवत होता. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. चित्र स्पष्ट असलं की कोपऱ्यातल्या आकड्यांवरही आपण विश्वास टाकतो. सोसायट्यांमध्ये चोरी झाली, की पोलीस आधी वेळ विचारतात, आणि मग लक्षात येतं, की रेकॉर्डिंगमधला चोर अडीच तास पुढं चालतोय किंवा चक्क दुसऱ्याच वर्षात आहे. चुकलेल्या घड्याळाचा पुरावा कोर्टात उभा करताना वकिलाला केवढा घाम फुटत असेल.

घड्याळ चुकण्याचं कारण पत्त्याशीच बांधलेलं होतं. वेळ इंटरनेटवरून मागायची, तर घराबाहेर जायचा दरवाजा ठाऊक हवा. कॅमेऱ्याच्या समजुतीप्रमाणे दरवाजा १९२.१६८.१.१ ला होता आणि काकींच्या घरात तिथं कोणीच राहत नव्हतं. तो बिचारा भिंतीवर थापा मारत बसला होता. पत्ता राउटरकडून घ्यायची खूण केली, टाइम झोन साडेपाचवर आणला, केबल पुन्हा राउटरला लावली. पन्नासेक वर्षं एका क्षणात सरली. सत्तर, आणीबाणी, जासई, साडेबारा टक्के, सगळं ओलांडून कॅमेरा भिंतीवरच्या कालनिर्णयाशी जुळला. काकींनी मान वर करून पाहिलंही नाही. त्यांचं सुकट निवडून झालं होतं.

आत शिरायला मिळाल्यामुळे वायफायचं कोडंही सुटलं. कॅमेऱ्याच्या पानावर त्याला दिसणाऱ्या नेटवर्कांची यादी होती. तिसऱ्या मजल्यावरचं दिसत होतं, शेजारच्या बिल्डिंगचं दिसत होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या ‘जय मल्हार’च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ दिसत होती. चार फुटांवरच्या काकींच्या राउटरचं पाहुण्यांचं नेटवर्क तेवढं नव्हतं. असं निवडक आंधळेपण यंत्रात दिसलं, की मला बरं वाटतं, त्याला कारण असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेलं वापरतात. अमेरिकेत विकायच्या उपकरणांची नजर सहसा ११ ला थांबते. इमारतीत इतकी वायफायं कोंबलेली, की काकींच्या राउटरनं शहाणपणानं सगळ्यात मोकळं चॅनेल निवडलं होतं, तेरावं. ह्यूस्टनच्या पाहुण्याच्या लेखी तो पट्टा जगात नव्हताच. राउटरला सहाव्या चॅनेलवर बसवलं, आणि यादीत नाव उगवलं.

उरलेल्या सवयी पटापट गेल्या. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकत होते, कारण अमेरिकेची वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते आणि आपली ५०. तो एक खटका बदलला. रात्र झाली की कॅमेरा आपोआप बंद पडून चालू व्हायचा. अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो आणि मी जोडलेली लांबलचक बारीक वायर तेवढा पोचवत नव्हती. जाड वायर टाकली.

खरा विचार करायला लावलं ते पुढच्या टप्प्यानं. मुलाला समुद्रावरून दिसलं पाहिजे. एके काळी राउटरमध्ये एक खिडकी उघडून बाहेरून थेट घरात डोकावता यायचं. आता नाही. इंटरनेटचे जुने पत्ते एकूण ४२९ कोटी. शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून आपले इंटरनेटवाले शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आत १०० नं सुरू होणारे मधले पत्ते वाटतात. काकींच्या राउटरवर बघितलं, तर तसाच आकडा होता. म्हणजे बाहेरच्या जगातून काकींच्या घराला थेट हाक मारायची सोयच नाही. एका परीनं बरंच आहे. पण मग कॅमेरा मुलाला सापडणार कसा? तर कॅमेरा स्वतःच बाहेर फोन लावतो. बनवणाऱ्या कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरला. मुलाचा फोनही तिथंच विचारतो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि गाठ जमली नाही तर चित्र त्याच्याच हातून जातं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. राउटरच्या पानावर डोळ्यांनी पाहिलं तेव्हा जरा चमकलो. कुणी बघत नसताना, दार बंद असताना, घरात काही हलत नसताना, कॅमेरा दर काही सेकंदांनी बाहेर एक छोटासा निरोप पाठवत होता. मी आहे. मी आहे. रस्ता बुजू नये म्हणून तसं करावंच लागतं, त्यात कट-कारस्थान नाही. पण मी टेबलाशी बसून ते बघत होतो आणि मनात म्हटलं, हेच ते चार मिलिअँपिअर. मुलाला चोर पकडायचा नव्हता. त्याला पॅसिफिकच्या मध्यावर रात्रपाळी संपल्यावर एवढंच हवं होतं, की घरी काही घडलेलं नाही, आणि तार तुटलेली नाही. हा निरोप काकींच्या घरातून अखंड निघत होता. फक्त तो आधी तिसऱ्याच देशातल्या कुणा तिऱ्हाइताकडे पोचत होता आणि मग, त्याच्या मेहेरबानीनं, मुलाकडे.

भाबडेपणानं असल्या यंत्राला घरात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला आधार आहे. २०१६ मध्ये मिराय नावाचा किडा जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरांत शिरला. त्याच्याजवळ कसली विद्या नव्हती, साठेक कारखानी नावं-पासवर्डांची यादी होती, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन छापाची. जगभर कुणी ते बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा गुलाम उपकरणांनी मिळून एका अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास लोकांना उघडेनात. मिराय बनवणारी तीन तरुण पोरं निघाली. माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांवरून चाललेल्या चढाओढीतून हे उद्योग सुरू झालेले. आपल्याकडे २०२१ मध्ये अकोल्याचे खासदार संजय धोत्रे केंद्रात राज्यमंत्री असताना त्यांनी संसदेत सांगितलं होतं, की सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे दहा लाख कॅमेरे आहेत. आता ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेच्या चाचण्या पार कराव्या लागतात. चांगलं झालं. पण सोबत्याच्या बॅगेतून मोज्यांमध्ये गुंडाळून आलेल्या कॅमेऱ्याची चाचणी कोण घेणार? ती मलाच घ्यावी लागली. कॅमेरा पाहुण्यांच्याच नेटवर्कवर ठेवला, म्हणजे घरातल्या इतर फोनांशी त्याचा संबंध नको. आवाज ऐकायची सोय बंद केली. कंपनीनं नंतर काढलेलं दुरुस्त सॉफ्टवेअर चढवलं.

आणि कुठं लावायचा? मुलाचं म्हणणं हॉलमध्ये. काकींचं म्हणणं बाहेर.

“घरात मी हाय ना. मना बघाचं कला? दारान कोन येतं त्ये बग म्हनावं.”

मी काकींच्या बाजूनं होतो. आई दिवसभर पडद्यावर दिसत राहिली, तर तिचा फोन उचलायची गरजच मुलाला उरणार नाही, असं मला वाटलं. मी ते बोललो नाही. दाराच्या चौकटीवर बाहेर तोंड करून बसवला. काकी दुधाला निघाल्या, देवळात गेल्या, परत आल्या, की त्याला तेवढं दिसतं. रात्री फाटकाशी कुत्री येऊन बसतात, तीही दिसतात. अंधारात सगळी करडी. या कुत्र्यांच्या आधीच्या पिढीनं तळोजा जगाच्या पेपरात नेला होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कारखान्याच्या रंगामुळे इथली कुत्री निळी झाली आणि कुणीतरी त्यांचे फोटो काढले. कासाडी नदी त्याच्या आधी कितीतरी वर्षं नासत होती, आम्ही त्याच कारखान्यांत पगार घेत होतो. प्रदूषण मंडळ हललं ते फोटो जगभर फिरल्यावर. तळोज्यात खरं तर नदीच्या तोंडाशी कॅमेरे लावायला हवेत, घराच्या दारांना कमी पडले तरी चालतील.

शेवटचं काम पासवर्डचं. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन जायलाच हवं होतं. मी काकींना म्हटलं, तुमच्या मनातलं असं काहीतरी सांगा, जे तुम्हाला विसरायला होणार नाही आणि दुसऱ्याला सुचणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि भाताच्या एका जातीचं नाव आणि एक आकडा सांगितला. सासऱ्यांच्या शेतात पिकायची ती जात, आणि आकडा त्या शेताचा सर्व्हे नंबर. सिडकोच्या नकाशात तो नंबर आता नाही. मी टाइप केला, त्यांनी कालनिर्णयच्या मागं गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवला. मुलाच्या फोनवर फक्त बघायची परवानगी दिली.

चार दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. चित्र छान दिसतंय काका, पण कॅमेरा जरा डावीकडे वळवायचाय, रेकॉर्डिंग पण मागचं बघायचंय, त्याला मुख्य पासवर्ड लागतोय. मी म्हटलं, तो तुझ्या आईकडे आहे. फोन काकींकडे दिला.

“आई, पासवर्ड सांग ना.”

“नाय.”

“अगं, मी विचारतोय.”

“बँकवाले काय सांगतान? पासवर्ड फोनवं कोनाला सांगाचा नाय. आपल्या मानसाला पन नाय. सुट्टीवं ये, मंग सांगीन.”

तो हसला, चिडला, पुन्हा हसला. जहाज कधी लागणार, सुट्टी कधी मिळणार, याचा हिशेब सुरू झाला.